निम

एनिड सॉवर्बीच्या डाव्या हाताची तीन बोटं
ग्रिम्सबीच्या गोदीने घेतली.
तशी ती जागेवर आहेत,
नखं वाढतात, रविवारी कापावी लागतात,
पण कप गरम आहे की गार
हे आता ती ओठांना विचारते.

एकेचाळीस वर्षं बर्फाच्या पाण्यात
तिने कॉडचे काटे काढले.
सुरी अशी चालायची
की आपण कापलो गेलो हे माशाला उशिरा कळावं,
असं मुकादम म्हणायचा.
आणि तो काही कुणाचं कौतुक करणारा माणूस नव्हता.

समोर कथबर्ट एलर्बी राहतो.
जुन्या पुस्तकांच्या पाठी शिवतो.
दर मंगळवारी येतो,
अर्धा पाव आणि एखादा शब्द घेऊन.
परवा त्याने आणला 'निम'.

निम : घेणे.
(आपल्या निम्म्याशी नातं नाही. मी शोधून पाहिलं.)
हजार वर्षांपूर्वी त्या बेटावर
सगळं याच क्रियापदाने घेतलं जाई,
भाकरी घ्या, बायको घ्या, की तह.
मग समुद्र ओलांडून उत्तरेच्या होड्या आल्या,
माणसांमागोमाग त्यांचं 'टेक' काठावर उतरलं
आणि हळूहळू, एकेका स्वयंपाकघरातून,
त्याने घेण्याचीच जागा घेतली.
ग्रिम्सबीच्या नावातलं 'बी' त्यांचंच,
सॉवर्बीतलं, एलर्बीतलंही.
तेव्हा तक्रार कुणी कुणाकडे करायची?

जर्मनांकडे निमचा भाऊ
अजून रोज कामावर जातो.
इथे हा मात्र देशोधडीला लागला,
शेवटी भुरट्यांच्या संगतीत दिसला
बाजारात, दुसऱ्याच्या खिशाजवळ.
पुढे पत्ता नाही.

"मेलाच म्हणा," एनिड म्हणाली. "मागे कोण?"
"दोन लेकरं.
एक निंबल, म्हणजे चपळ,
चटकन उचलणारा हात.
दुसरं नम.
ज्याला घेतलं गेलं ते. बधिर."

एकाच धातूची,
एक कर्तरी, एक कर्मणी.
मराठीत नम म्हटलं की दोन हात जुळतात;
त्यांच्याकडे नम म्हटलं की
हात असतात, एवढंच.

एनिड बराच वेळ लोणी लावत बसली, उजव्या हाताने.
मग म्हणाली, नऊ वर्षांची होते,
वडील बोटीवर, घरात बटाट्याची सालं.
गाडीवरचा एक हॅडॉक फ्रॉकखाली घातला
आणि फ्रीमन स्ट्रीटभर चालत आले,
पळाले नाही, पळणारे पकडले जातात.
मासा पोटाला इतका गार
की दारात पोचेपर्यंत पोट माझं राहिलं नव्हतं.
"म्हणजे तुझी ती दोन्ही पोरं
त्या दिवशी माझ्याच फ्रॉकमध्ये होती की रे!"
आईने मासा तळला. विचारलं काहीच नाही.
शेपटीकडचा तुकडा स्वतः घेतला.

कथबर्टला अजून एक सांगायचं होतं.
मागाहून कधीतरी दोघांच्याही लिहिण्यात
एक ब येऊन बसला.
निंबलमधला वाजतो, थिंबलसारखा.
नमच्या शेवटचा नुसता असतो.
त्याला कुणी उच्चारत नाही,
खोडतही नाही.

पाव संपला. खिडकीबाहेर गोदी,
तिच्यात आता चार बोटी, त्याही रंगवलेल्या.
एक समुद्रपक्षी कठड्यावर
कुणाची वाट पाहत असल्यासारखा.
एनिड त्याच्याकडे बघत होती.

कपासाठी वळली तेव्हा दिसलं,
तिचा डावा हात कथबर्टच्या हातात आहे.
"कधी घेतलास?"

तो काही बोलला नाही.
तिने हात काढला नाही.
चहा गार झाला असावा.
ओठांनाही तिने विचारलं नाही.